ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच न्यायाधीश!



संपादक मंडळाने "यंदा काहीतरी अभ्यासपूर्ण लिही" असं फर्मान काढलं, तेव्हा मी विषय सांगितला 'लष्करातील न्याय'. सगळे हसले. यंत्र अभियांत्रिकीच्या पोराचा आणि कोर्ट मार्शलचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या होस्टेलच्या मेसमधून जातो. म्हणून आधी मेसची गोष्ट सांगतो. या गोष्टीत माझी बाजू फारशी चांगली नाही, हे सुरुवातीलाच कबूल केलेलं बरं.

मेसची गोष्ट

गेल्या वर्षी मी मेस सेक्रेटरी होतो. एका मुलाने मेसच्या हिशोबाबद्दल तक्रार केली. गॅस सिलिंडर आणि भाजीची बिलं कोणाला दाखवली जात नाहीत, सेक्रेटरी उडवाउडवीची उत्तरं देतो, असा अर्ज त्याने लिहिला. सेक्रेटरी म्हणजे मीच. अर्ज त्याने ना माझ्याकडे दिला, ना रेक्टर सरांकडे. तो थेट वर, प्राचार्यांच्या ऑफिसमध्ये देऊन आला. मला राग आला. खरं सांगायचं तर खूप राग आला.

पुढच्याच आठवड्यात तो मुलगा जेवणाचं ताट घेऊन खोलीवर जाताना सापडला. ताट खोलीवर न्यायचं नाही, असा नियम नोटीस बोर्डवर लावलेला आहे. नियम सगळ्यांना माहीत, आणि मोडतातही सगळेच! पण यावेळी शिस्त समिती बसली. रेक्टर सर, एक शिक्षक आणि विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून मी. दहा मिनिटांत निकाल लागला : पाचशे रुपये दंड, पंधरा दिवस मेस बंद, आणि त्याच्या होस्टेलच्या फाईलमध्ये 'बेशिस्त वर्तन' असा शेरा. कागदावर माझीही सही आहे.

सही करताना मी स्वतःला विचारलं होतं, "मी सूड तर घेत नाहीये ना?" उत्तर आलं, "छे! नियम तो नियम." आणि मी निश्चिंत झालो. पंधरा दिवस तो मुलगा गेटबाहेरच्या टपरीवर वडापाव खाऊन सबमिशन करत होता. हिशोबाच्या अर्जाचं काय झालं? काहीच नाही. बिलांमध्ये घोळ होता की नव्हता, हे कोणी पाहिलंच नाही.

काकांचा प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो. आमचं गाव सातारा जिल्ह्यात. आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत, निदान तसं सांगायची पद्धत आहे. माझे काका सिग्नल्समधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. शिस्तीचा माणूस. त्यांना कौतुक वाटेल म्हणून मी मोठ्या ऐटीत समितीची हकिगत सांगितली. काकांनी चहाची बशी खाली ठेवली.

"आरं, अर्ज कुणाच्या इरुद्ध हुता?"

"माझ्या."

"आन् पंच म्हणून कोण बसलं?"

मी गप्प. काका म्हणाले, "आमच्या सिग्नलमधल्याच एका जवानाची केस हाय, रणजित ठाकूरची. सुप्रीम कोर्टात गेली हुती. शिकलेला हाईस, काढून वाच."

मी परत आल्यावर तो निकाल मिळवला आणि वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा जवानाची दया आली. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा स्वतःची लाज वाटली.

रणजित ठाकूर प्रकरण

१९८५ साल. रणजित ठाकूर हा एका सिग्नल रेजिमेंटमध्ये सिग्नलमन होता. आपला कमांडिंग ऑफिसर, म्हणजे सीओ, आपल्याला वाईट वागवतो अशी त्याची तक्रार होती. ती त्याने ठरलेल्या मार्गाने न पाठवता थेट वरिष्ठांकडे पाठवली. फौजेत हा गुन्हा धरतात. त्याला २८ दिवसांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. कोणी दिली? त्याच सीओने!

ही शिक्षा तो क्वार्टर गार्डच्या कोठडीत हातकड्यांमध्ये भोगत होता. २९ मार्च १९८५ रोजी ड्यूटीवरच्या सुभेदाराने त्याला जेवण्याचा हुकूम केला. तो जेवला नाही. झालं! वरिष्ठाचा कायदेशीर हुकूम मोडला म्हणून लष्करी कायद्याच्या कलम ४१ खाली आरोप ठेवला गेला. दुसऱ्याच दिवशी, ३० मार्चला, समरी कोर्ट मार्शल भरलं. न्यायासनावर पुन्हा तोच सीओ. शिक्षा : एक वर्ष सक्तमजुरी, नोकरीतून बडतर्फी, आणि पुढे सरकारी मुलकी नोकरीलाही अपात्र. त्याला आसाममधल्या तेजपूरच्या तुरुंगात पाठवण्यात आलं.

जेवला नाही म्हणून एक वर्ष तुरुंग आणि आयुष्यभराची नोकरी गेली. वाचताना विश्वास बसत नाही, पण हे निकालपत्रात लिहिलेलं आहे.

लष्कराकडे केलेला अर्ज फेटाळला गेला. गौहाटी उच्च न्यायालयाने याचिका सुरुवातीलाच काढून टाकली. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं आणि ऑक्टोबर १९८७ मध्ये निकाल लागला. निकाल लिहिला न्या. एम. एन. वेंकटचलय्या यांनी, जे पुढे सरन्यायाधीश झाले. कोर्ट मार्शल रद्द, ठाकूरला सर्व आर्थिक व सेवाविषयक लाभांसह पुन्हा कामावर घ्या, असा आदेश झाला. मात्र तोवर अडीच वर्षं लोटली होती. त्या एका वर्षाच्या शिक्षेची मुदत केव्हाच संपून गेली होती.

न्यायालयाने काय सांगितलं?

माझ्या समजुतीप्रमाणे तीन मुद्दे महत्त्वाचे आहेत.

पहिला मुद्दा : न्यायासनावर बसलेल्या अधिकाऱ्याबद्दल तुझी हरकत आहे का, हे आरोपीला विचारायला हवं होतं. ते विचारलं गेलं नाही.

दुसरा मुद्दा पक्षपाताचा, आणि मला तोच सर्वात जास्त लागला. न्यायालय म्हणतं, न्याय देणाऱ्याने स्वतःच्या मनात डोकावून "मी पक्षपाती आहे का?" असं कितीही प्रामाणिकपणे विचारलं तरी ते पुरेसं नाही. त्याने समोर उभ्या असलेल्या माणसाच्या मनाकडे पाहायला हवं. त्या माणसाला वाजवी कारणाने भीती वाटत असेल की इथे आपल्याला न्याय मिळणार नाही, तर तिथेच प्रश्न संपला.

आता माझी शिस्त समिती आठवा. मी नेमकं स्वतःच्या मनाला विचारलं होतं, आणि स्वतःच उत्तर देऊन मोकळा झालो होतो. एखादा व्होल्टमीटर बरोबर दाखवतो का, हे त्याच व्होल्टमीटरने तपासण्यासारखं आहे हे! लॅबमध्ये असं कॅलिब्रेशन केलं तर सर जर्नल फेकून देतील.

तिसरा मुद्दा : शिक्षा गुन्ह्याच्या मानाने इतकी प्रचंड होती की तोच अन्यायाचा पुरावा मानला गेला. शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात हवी, हे तत्त्व सांगताना आजही या निकालाचा आधार घेतला जातो.

हे एका वाईट साहेबाचं काम नाही

इथे सोपं उत्तर असं, की तो सीओ वाईट होता, विषय संपला. पण मी थोडा कायदा वाचला तेव्हा लक्षात आलं की प्रश्न रचनेचा आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर ही डिझाईनची चूक आहे, एखाद्या पार्टची नाही.

लष्करी कायदा (१९५०) चार प्रकारची कोर्ट मार्शल सांगतो : जनरल, डिस्ट्रिक्ट, समरी जनरल आणि समरी. जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी बसतात, डिस्ट्रिक्टमध्ये किमान तीन. यांना पंच म्हणून नेमतो कोण? कोर्ट भरवणारा वरिष्ठ अधिकारी. खटला चालवायचा की नाही हे ठरवण्यातही त्याचाच शब्द मोठा. निकाल लागला तरी वरून मंजुरी मिळाल्याशिवाय तो वैध ठरत नाही, आणि मंजुरी देणारा अधिकारी एकदा निकाल फेरविचारासाठी परतही पाठवू शकतो. म्हणजे खटल्याच्या दोन्ही टोकांना वरिष्ठ उभे, आणि मधे बसलेल्या पंचांचे गोपनीय अहवाल, बदल्या, बढत्या हेही अशाच वरिष्ठांच्या हाती. साहेबाने तोंडातून एक शब्द काढण्याची गरज नाही. "साहेबांना काय हवंय" हे पंच आपोआप ओळखतात. कमांडरचा प्रभाव म्हणतात तो हाच.

आपल्याला शाळेपासून रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट माहीत आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल (१७७३) त्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुण्यातलं पद सोडलं. आपण त्यांना वंदन करतो. पण व्यवस्था अशी असू नये की न्याय द्यायला प्रत्येक वेळी रामशास्त्रीच लागावा. बढतीची वाट पाहणारा, दोन मुलांची फी भरणारा साधा मेजरसुद्धा निर्धास्तपणे 'निर्दोष' म्हणू शकला पाहिजे.

समरी कोर्ट मार्शल तर आणखी पुढची पायरी. ते फक्त आर्मीत आहे, नेव्ही आणि एअर फोर्समध्ये नाही. इथे सीओ एकटाच न्यायालय! दोन जण हजर राहतात, पण त्यांना शपथ नसते आणि निकालात मतही नसतं. सीओ लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो आणि नोकरीतून काढू शकतो. साधारणपणे वेगळ्या मंजुरीची गरजही नाही, शिक्षा लगेच अमलात. आणि हे कोर्ट भरतं ते फक्त जवान, नाईक, हवालदार अशा लोकांसाठी. अधिकाऱ्यांसाठी किंवा सुभेदारांसारख्या जेसीओंसाठी नाही.

गंमत म्हणजे याच कायद्याच्या कलम १२० मध्ये एक शहाणपणाची ओळ आहे. जो गुन्हा खुद्द न्याय देणाऱ्या सीओच्याच विरुद्ध घडला आहे, तो त्याने तातडीचं गंभीर कारण नसेल तर वरिष्ठांना विचारल्याशिवाय चालवू नये. म्हणजे धोका कायद्याला माहीत होता! पण ठाकूरवरचा आरोप सीओविरुद्धचा नव्हता, सुभेदाराचा हुकूम मोडल्याचा होता. पुढचं दार बंद होतं, मागचं उघडं राहिलं. आमच्या समितीतही आरोप माझ्याविरुद्धच्या अर्जाचा नव्हता, ताटाचा होता.

फौजेची बाजू

काकांना मी फोनवर हे सगळं सांगितलं, जरा तावातावाने. ते चिडले. म्हणाले, "आरं, सीओ म्हंजी पलटणीचा बाप. पोराची आई आजारी हाय म्हणून रातोरात रजा देणारा बी त्योच. गोळ्या सुटायला लागल्यावर हुकूम मानायचा का न्हाई, ह्यावर मिटिंग घ्यायची का?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. युनिट सीमेवर असतं, जवळ कोर्ट नसतं, साक्षीदारांची बदली होते, आणि शिस्त मोडली तर जीव जातात. म्हणूनच घटनेच्या कलम ३३ ने संसदेला अधिकार दिला आहे, की सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर गरजेपुरती मर्यादा घालता येईल. कमांडरला शिक्षेचा काहीच अधिकार नको, असं कोणीही शहाणा म्हणणार नाही.

पण मी काकांना विचारलं, "तुम्ही तुमच्या सीओविरुद्ध अर्ज केला असता, आणि निकाल त्यांनीच दिला असता, तर तुम्ही तो मनापासून मानला असता का?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "मानला आस्ता. हुकूम हुता म्हणून." आणि नंतर हळूच, "मनापास्नं न्हाई."

मला वाटतं, सगळा लेख या वाक्यात आला. शिस्त म्हणजे नुसता हुकूम मानणं नव्हे, हुकूम देणाऱ्यावर विश्वास असणं. पक्षपाती न्यायाने आज हुकूम पाळला जाईल, पण विश्वास जाईल. म्हणजे ज्या शिस्तीसाठी हे सगळं केलं, तिलाच वाळवी लागते.

इतर देशांत

हा प्रश्न फक्त आपलाच नाही. ब्रिटनमध्ये स्कॉट्स गार्ड्सचा अलेक्झांडर फिंडले १९८२ च्या फॉकलंड युद्धात माउंट टंबलडाऊनच्या लढाईत लढला होता. युद्धाचा त्याच्या मनावर खोल आघात झाला. १९९० मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये दारूच्या नशेत त्याने सहकाऱ्यांवर पिस्तूल रोखलं आणि दोन गोळ्या टीव्हीवर झाडल्या. १९९१ मध्ये कोर्ट मार्शल झालं. पंच नेमले एकाच अधिकाऱ्याने, सगळे त्याच्याहून कनिष्ठ. सरकारी बाजू मांडणाराही त्यानेच नेमलेला, आणि निकालाला मंजुरी देणाराही तोच. १९९७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला की हा निष्पक्ष खटला नव्हे. लक्षात घ्या, फिंडलेने गुन्हा कबूल केला होता! म्हणजे प्रश्न गुन्हा घडला की नाही हा नव्हता, तर न्याय देणारे स्वतंत्र होते की नाही हा होता. निकाल लागेपर्यंत ब्रिटनने १९९६ चा कायदा करून त्या सर्वाधिकारी अधिकाऱ्याची भूमिकाच रद्द केली होती आणि त्याची कामं वेगवेगळ्या लोकांकडे वाटली होती.

अमेरिकेत कमांडरने कोर्टावर बेकायदा दबाव आणायला कायद्यानेच बंदी आहे. तरीही खून, बलात्कार अशा गंभीर गुन्ह्यांत खटला भरायचा की नाही हे कमांडरच ठरवत असे. डिसेंबर २०२१ मध्ये झालेल्या कायद्याने तो निर्णय कमांडरच्या साखळीबाहेरच्या लष्करी वकिलांकडे दिला, आणि डिसेंबर २०२३ अखेरपासून ते अमलात आलं.

आपल्याकडे काय बदललं?

बरंच बदललं. १९८२ मध्ये पृथ्वीपाल सिंग बेदी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लष्करी कायदा वैध ठरवला, पण कोर्ट मार्शलच्या निकालावर पुरावा पुन्हा तपासणारं एकही अपील नाही, ही मोठी उणीव असल्याचं स्पष्ट सांगितलं. संसदेने २००७ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा केला. ८ ऑगस्ट २००९ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. समरी कोर्ट मार्शलने बडतर्फ केलं किंवा तीन महिन्यांहून जास्त कैद दिली, तर जवान तिथे दाद मागू शकतो. २०१६ मध्ये विश्व प्रिया सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेही बजावलं की समरी कोर्ट मार्शल हा अपवाद आहे, तातडीची गरज असेल तेव्हाच वापरायचा.

पण अपील म्हणजे दुरुस्ती. ब्रेकडाऊन झाल्यावरचा मेन्टेनन्स. रणजित ठाकूरला न्याय मिळाला, वर्षं परत मिळाली नाहीत. पहिलंच न्यायासन निष्पक्ष असणं, याला पर्याय नाही.

शेवटी, पुन्हा मेस

सुट्टीनंतर मी त्या मुलाच्या खोलीवर गेलो. माफी मागितली आणि पाचशे रुपये पुढे केले. तो म्हणाला, "पैसे ठेव. माझ्या फाईलमधला शेरा काढून दे. तो निर्णय चुकला होता, असा कागद दे."

मी रेक्टर सरांना लेखी अर्ज दिला : त्या समितीत मी बसायला नको होतं, तो निर्णय रद्द करावा आणि माझ्याशिवाय नव्या समितीने प्रकरण पाहावं. सरांनी अर्ज शांतपणे वाचला. एक गोष्ट लगेच मान्य केली. आता नोटीस बोर्डवर नवा नियम आहे, 'ज्याच्याविरुद्ध तक्रार असेल, तो समितीत बसणार नाही.' आणि मेसची बिलं दर महिन्याला तिथेच लागतात. शेऱ्याचा निर्णय मात्र अजून व्हायचा आहे. हा लेख छापून येईल तेव्हाही तो झाला नसेल, तर सर, कृपया हीच माझी स्मरणपत्राची प्रत समजावी.

मित्रहो, आपल्यापैकी कोणी उद्या शॉप फ्लोअरवर सुपरवायझर होईल, कोणी एचओडी, कोणी एसएसबी पास होऊन खरोखर कमांडर होईल. तुमच्याविरुद्ध कोणीतरी अर्ज करेलच. त्या दिवशी तुम्हाला राग येईल, आणि दुसऱ्याच दिवशी तो माणूस काहीतरी चूक करताना सापडेल. तेव्हा आपल्या मनाला विचारत बसू नका. खुर्चीवरून उठा आणि दुसऱ्याला बसू द्या.

– माजी मेस सेक्रेटरी, तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी